डेबियनचं फ्रीझ नक्की कसं चालतं? पुढच्या रिलीजचा अंदाज बांधायचाय

लॅबवाला_सातारा:
मंडळी, आमच्या कॉलेजच्या लॅबमधे २४ मशीन आहेत, सगळ्यांवर डेबियन १२ (लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम). उन्हाळ्याच्या सुट्टीत १३ टाकू म्हणून थांबलो होतो पण ते आलं ९ ऑगस्ट २०२५ ला, तोवर प्रॅक्टिकल सुरू. उबंटूचं कसं एप्रिल-ऑक्टोबर ठरलेलं असतं. इथे आधीपासून अंदाज कसा बांधायचा?

पॅकेज_बांधणारा:
रिलीजची तारीख अगदी शेवटी कळते पण फ्रीझच्या, म्हणजे रिलीजआधी टप्प्याटप्प्याने बदल बंद करण्याच्या, तारखा आधी जाहीर होतात, त्या बघत जा. डेबियन १३ च्या वेळी २०२५ मधे १५ मार्चला ट्रान्झिशन फ्रीझ झालं, म्हणजे एक लायब्ररी बदलली की ढीगभर पॅकेजेस (इन्स्टॉल करायची सॉफ्टवेअर) परत बिल्ड करावी लागतात असले बदल बंद. १५ एप्रिलला सॉफ्ट फ्रीझ, नवीन पॅकेज टेस्टिंगमधे (पुढचं रिलीज जिथे तयार होतं तिथे) येणार नाही आणि बाहेर पडलेलं परत येणार नाही. १५ मेला हार्ड फ्रीझ, म्हणजे नियम आणखी कडक, मग २७ जुलैला फुल फ्रीझ, त्यानंतर प्रत्येक बदल रिलीज टीममधलं कुणीतरी स्वतः वाचून मंजूर करतं. तिथे नवं व्हर्जन नेऊन चालत नाही, बग दुरुस्त करणाऱ्या तेवढ्याच ओळी न्यायच्या. हे सगळं स्वयंसेवक करतात हो, मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

जुना_सिडकर:
तारीख आधी का देत नाहीत तर रिलीज-क्रिटिकल (रिलीज अडवण्याइतके गंभीर) बग आटोक्यात आल्याशिवाय सोडायचंच नाही हा नियम. पूर्वी याने फार वेळ जायचा, वूडी नावाचं रिलीज जुलै २००२ ला आणि त्यापुढचं सार्ज थेट जून २००५ ला. आता बग असलेलं बिनमहत्त्वाचं पॅकेज टेस्टिंगमधून आपोआप काढून टाकतात, त्यामुळे एकासाठी सगळे अडकत नाहीत. डेबियन ११ आलं ऑगस्ट २०२१ मधे, डेबियन १२ जून २०२३ मधे, डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मधे, म्हणजे दोन वर्षं धरून चाला. आणि थांबण्याचा फायदा बघा, मार्च २०२४ मधे एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या सॉफ्टवेअरमधला बॅकडोअर (चोरवाट) सापडला तेव्हा तो सिड (नवं पॅकेज आधी येतं ती शाखा) आणि टेस्टिंगमधे पोचला होता, स्टेबलमधे (रिलीज झालेल्या डेबियनमधे) नाही.

लॅबवाला_सातारा:
मग १४ चं २०२७ च्या मध्याला धरतो. तोवर १२ वरच राहिलो तर चालेल का? आणि दोन मशीन ३२-बिट आहेत.

पॅकेज_बांधणारा:
१२ ला एलटीएस (नेहमीची मुदत संपल्यावरचा वाढीव सपोर्ट) धरून जून २०२८ पर्यंत अपडेट आहेत, त्यामुळे घाई नको. पण १२ वरून थेट १४ वर उडी मारता येत नाही, मधे १३ करावंच लागतं, ते या दिवाळीच्या सुट्टीत उरकून घ्या. ३२-बिटवाल्या दोन मात्र १२ वरच ठेवा, १३ मधे त्यांच्यासाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही नाही. आणि एक विनंती, १४ चं हार्ड फ्रीझ लागलं की एका मशीनवर अपग्रेड करून बघा आणि जे तुटेल ते डेबियनच्या बग ट्रॅकरमधे अपग्रेड-रिपोर्ट्सवर कळवा. लॅबमधे प्रिंटर, एनएफएस (नेटवर्कवरून फाइल शेअरिंग), शेअर केलेलं होम फोल्डर असं सगळं एकत्र चालू असतं, तसा सेटअप घरी टेस्ट करणाऱ्यांकडे नसतो, आणि त्या दिवसात कळवलेला बग रिलीजच्या आधी दुरुस्त व्हायची शक्यता असते.