मदत हवी आहे: येशूचा खमिराचा दाखला (बोधकथा) नेमका कसा समजून घ्यायचा?

रविवारी आमच्या बायबल अभ्यासात मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या १३:३३ वर अडलो. बाई खमीर (पीठ आंबवणारं विरजण) तीन मापं पिठात लपवते, सगळं पीठ फुगतं. तीन मापं म्हणजे जवळजवळ चाळीस लिटर पीठ, अख्ख्या गावाच्या भाकरी! मी म्हटलं, स्वर्गाचं राज्य असंच गुपचूप पसरतं. इवल्याशा मोहरीच्या दाण्याचं झाड होतं, तो दाखलाही लगेच आधी आहे. पण एक काका अडून बसले: १६ व्या अध्यायात येशू परूश्यांच्या (एका यहुदी धर्मपंथाच्या लोकांच्या) खमिरापासून जपा म्हणतो, वल्हांडण सणाला यहुदी घरात खमीर ठेवत नाहीत, मग इथेच ते चांगलं कसं? आणि 'लपवलं' का, नुसतं 'मिसळलं' का नाही? उत्पत्ती १८:६ मध्ये अब्राहामाची बायको सारा हिचंही पीठ तीनच मापं. काही संबंध असेल का? जाणकारांनी कृपया सांगा, पुढच्या रविवारी काकांना तोंड द्यायचंय.