मदत हवी आहे: 'नो ड्रॉप राइड' म्हणजे नक्की काय धरायचं? (पुणे)

मंडळी, वय ४६, राहणार कोथरूड, हायब्रिड सायकल घेऊन चार महिने झाले. एकटीने फिरून कंटाळले म्हणून गटांमध्ये जाऊन पाहिलं, तर गोंधळ वाढलाच.

पहिला गट रोडबाइकवाल्यांचा. व्हॉट्सॅपवर लिहिलेलं, 'नो ड्रॉप, नवीन लोकांनी बिनधास्त यावं.' मी समजले, कुणालाही मागे टाकून जाणार नाहीत. रविवारी पहाटे साडेपाचला खडकवासल्याला निघालो. धायरी फाट्यापर्यंत सगळे सोबत. किरकटवाडी येईतो पुढे एकही लाल दिवा दिसेना. धरणाच्या चौपाटीवर थांबले होते बरं का! पण त्यांचा चहा उरकलेला. मला पाहताच "वा, आलात! चला," म्हणून हेल्मेटं चढवली. म्हणजे सगळ्यात जास्त दम लागलेल्या माणसाला विश्रांती शून्य. वर माझा साइड स्टँड आणि मडगार्ड पाहून एकाने विचारलं, "काकू, दुधाचा रतीब घालता का?" (पावसाळ्यात पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन घरी जाणारे मडगार्डला हसतात. असो.)

दुसरा आमच्या सोसायटीतल्या बायकांचा. माया भरपूर. आठ किलोमीटर सायकल, दीड तास इडली. चाळीसचं नाव काढलं की "कशाला गं एवढं?"

तिसरा बीआरएमवाल्यांचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचा पल्ला गाठणाऱ्यांचा. त्यांना मी लांबूनच घाबरून होते. पण नांदेड फाट्याजवळ पंक्चर झालं तेव्हा त्यांच्यातले साठीचे एक काका थांबले. थांबले, पण ट्यूब काही काढून देईनात. "मी उभा आहे, तुम्ही काढा." लिव्हर कुठे अडकवायचा, टायरच्या आतून बोट फिरवून काटा कसा शोधायचा, सगळं माझ्याच हातून करवून घेतलं. पाऊण तास गेला, मनातून चरफडत होते. आता तेच वीस मिनिटांत जमतं. ते म्हणतात, २०० किलोमीटरची बीआरएम करा.

तर, नव्या गटात जाण्याआधी काय विचारून घ्यावं? सपाटीवर ताशी १८ किलोमीटरचा वेग असलेल्या बाईने २०० चा विचार करावा का? आणि वेगवान लोकांनी माझ्यासाठी खोळंबावं ही अपेक्षाच चुकीची आहे का? स्पष्ट सांगा, राग नाही.

प्रतिसाद १: एकच विचारा, "सगळ्यात मागे कोण राहणार?" चटकन नाव सांगितलं तर जा. "बघू, असतो कुणीतरी" म्हणाले तर कुणीच नसतो.

प्रतिसाद २: मी रोडबाइकवाला. रतीबवाला विनोद फालतूच. पण आमच्यात पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतरावर चालवतात. नवख्याने अचानक ब्रेक मारला तर पाचजण पडतात. खड्ड्याची खूण, थांबायची खूण आधी शिका, मग वेगाचं बघू. हे सगळं पहिल्याच दिवशी आम्ही सांगायला हवं, सांगत नाही, ही आमची चूक.

प्रतिसाद ३: ताई, २०० ला साडेतेरा तास मिळतात. १८ ने अकरा तास सात मिनिटं. उरलेल्या दोन तास तेवीस मिनिटांत जेवण, पंक्चर, चढ. जमेल, पण आधी शंभर करून बघा. तिथे पहिला-दुसरा नंबर नसतो. वाटेत घरची गाडी मदतीला बोलावता येत नाही, म्हणून तर काकांनी ट्यूब तुमच्याकडून काढवली.

धागाकर्ती: आता उलगडा झाला! काकांसोबत पुढच्या रविवारी शंभर करते. रोडबाइकवाल्यांना 'मागे कोण?' विचारलंय, दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. स्टँड काढणार नाही.