ओव्हन नाही, पण दिसायला तिखट आणि खायला गोड असा मेनू करायचाय, आयडिया द्या

घोडबंदरची_आई
नमस्कार मंडळी, लेकीचा वाढदिवस जूनच्या पहिल्या आठवड्यात आहे, घरीच करतोय, बिल्डिंगमधली आणि शाळेतली मिळून पंधराएक मुलं येतील आणि सोबत आज्जी-आजोबा मंडळी. तिने कुठेतरी व्हिडिओ बघितला त्यात बर्गर कापला तर आतून केक निघतो, आणि तेव्हापासून एकच धोशा लावलाय की माझ्या बर्थडेला सगळं जेवण खोटं पाहिजे, म्हणजे दिसायला वडापाव, मिसळ, ढोकळा आणि तोंडात घातलं की गोड. मला स्वतःला ही कल्पना प्रचंड आवडलीय आणि मनापासून छान करायचीय.
आता अडचणी. ओव्हन नाहीये, गॅस आणि फ्रीज आहे फक्त. फाँडंट, म्हणजे केकवर लावतात तो साखरेचा लाटलेला थर, नकोय, दिसतं सुंदर पण मुलं एक घास खाऊन टाकून देतात. येणाऱ्यांत पक्के शाकाहारी आहेत त्यामुळे जिलेटीन चालणार नाही, आणि एका मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. शिवाय जूनमधला ठाण्याचा दमटपणा तुम्हाला माहितीच आहे, एसी हॉलमध्ये नाही. काय काय जमेल, आदल्या दिवशी काय करून ठेवू आणि लेकीला हाताशी घेऊन काय करता येईल?

नौपाड्याची_काकू
अगं किती गोड हट्ट आहे! पहिलं सांगते, रंगाच्या बाटल्यांच्या मागे लागू नकोस. ज्या पदार्थाचा मुळातच तो रंग आहे तो शोध, म्हणजे चव आपोआप चांगली राहते. लोक वडा दिसावा म्हणून काहीही करतात आणि खाताना नुसतं साखरेचं पीठ लागतं, मुलं हसतात आणि बाजूला ठेवतात. दुसरा घास मागायला हवा, तरच ती गंमत खरी.
वडापाव असा कर. दोन वाट्या डेसिकेटेड खोबरं, पाऊण वाटी कंडेन्स्ड मिल्क आणि दोन-तीन चमचे आटवलेला आंब्याचा पल्प, हे एकत्र मळलं की बटाट्याच्या भाजीचाच पिवळा रंग येतो. त्यात पिस्त्याचे बारीक तुकडे घाल, ती कोथिंबीर. चपटे गोळे करून मारी बिस्किटाच्या चुऱ्यात घोळव, बाहेरून तळलेला वडा आणि चावला की आत पिवळं सारण, हे मुलांना फार आवडतं. पाव म्हणजे बेकरीतले छोटे गोड बन, टुटीफ्रुटी नसलेले बघून घे. लाल चटणीसाठी कोरडं खोबरं घेऊन त्याला चमचाभर रोझ सिरप चोळून ताटात पसरून पंख्याखाली सुकव. आणि मिरची राहिली ना, मिरचीशिवाय वडापाव कसला! काजू पावडर एक वाटी, पिठीसाखर अर्धी वाटी, थोडी पिस्ता पावडर आणि चमचा-चमचा दूध घालत मळ, मिरच्या वळ आणि टोकाला पुदिन्याचं देठ खोच. काजू मिक्सरला थांबत थांबत फिरव, सलग फिरवलंस तर तेल सुटतं आणि पावडरीच्या जागी लगदा होतो. पल्प आटवणं सोडलं तर यात गॅस कुठेच नाही, बाकी सगळं लेकीच्या हातून करून घे. काजू-पिस्ते जांभळी नाक्याला सुटे मिळतील.
मिसळ मात्र ऐन वेळी वाटीत लाव. ठाण्यात राहून मिसळ नाही म्हणजे कसं, मामलेदारची मिसळ खाऊन वाढलेली पोरं आहेत ही! भिजवून फुगलेले बेदाणे मटकीसारखे दिसतात, ते तळाला. रस्सा म्हणजे आमरस, त्यात थोडं स्ट्रॉबेरी क्रश मिसळलं की बरोब्बर तो नारिंगी-लाल रंग येतो, वरून अजून थोडं क्रश सोडलं की तर्री. फरसाण म्हणून मोकळी गोड बुंदी आणि कुस्करलेली सुतरफेणी, आणि कांदा म्हणून शहाळ्याची मलई बारीक चौकोनी चिरून. हा कांदा बघून माझ्या जाऊबाई चक्क वाटी बाजूला ठेवत होत्या कारण त्या कांदा खात नाहीत. लिंबाच्या जागी मोसंबीची फोड.

पामबीच_किचन
मी नेरूळमधून घरगुती डेझर्टच्या ऑर्डरी घेते, तेव्हा जिलेटीन आणि उन्हाळा यावर जरा सविस्तर लिहिते.
चायना ग्रास वापरा, म्हणजे अगार, ते समुद्री शेवाळापासून बनतं त्यामुळे शाकाहारी आहे, जिलेटीन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून येतं. आणि आपल्या हवेत चायना ग्रासच जास्त भरवशाचं, कारण जिलेटीन अंगाच्या उष्णतेलाही विरघळतं, पण चायना ग्रास एकदा सेट झालं की साधारण ८५ अंशांपर्यंत तापवल्याशिवाय वितळत नाही, एसी नसलेल्या हॉलमध्येही चौकोन चौकोनच राहतो. पट्ट्या असतील तर पंधरा-वीस मिनिटं पाण्यात भिजवा, मग त्याच पाण्यात उकळून पूर्ण विरघळवा, दाणा राहता कामा नये. पावडर असेल तर पाव लिटरला एक लहान चमचा पुरतो. ते गरम दुधात ओता, फ्रीजमधल्या गार दुधात ओतलंत तर तिथल्या तिथे गुठळ्या होतात कारण ते खोलीच्या तापमानालाच गोठायला लागतं.
यातून ढोकळा इतका हुबेहूब होतो ना! दूध, साखर, चायना ग्रास, गॅस बंद करून किंचित कोमट झाल्यावर हापूसचा पल्प, की ताटात ओतून सेट करा. चौकोन कापा, वर काळे तीळ म्हणजे मोहरी, पुदिन्याची पानं म्हणजे कढीपत्ता, आणि भुरभुर खोबरं. हे आदल्या रात्री करून झाकून ठेवा, झाकलं नाही तर फ्रीजचा वास धरतं.
हाफ फ्राय पण करा, घरात अंडं चालत नसेल त्यांना तर जास्तच मजा. घट्ट साधं श्रीखंड ताटलीत वेडंवाकडं पसरायचं, कडा गोल करू नका, आणि मध्ये टिनमधल्या पीचची अर्धी फोड पालथी. मिरपूड म्हणून चॉकलेट किसून टाका.
चॉकलेटमध्ये रंग घालायचा असेल तर पाण्यातला रंग अजिबात नको, थेंबभर पाण्यानेही वितळलेलं चॉकलेट आवळून रवाळ गोळा होतं, तेलातला रंगच हवा. आणि कंपाउंड चॉकलेट घ्या, त्यात कोको बटरच्या ऐवजी वनस्पती तेल असतं म्हणून टेंपरिंगची, म्हणजे ठरावीक तापमानाला वितळवून गार करायची, भानगड नाही, डबल बॉयलरवर, म्हणजे गरम पाण्याच्या पातेल्यावर दुसरं भांडं ठेवून, वितळवलं की झालं. त्याचे पातळ गोल बटर पेपरवर पसरून वर काळे तीळ टाकले की पापड, पण पापड शेवटच्या क्षणापर्यंत फ्रीजमध्येच.
सँडविच करणार असाल तर काकडी म्हणून किवी आणि टोमॅटो म्हणून स्ट्रॉबेरी मस्त दिसते, पण किवी क्रीमवर आधीपासून लावून ठेवू नका, न शिजवलेल्या किवीतल्या एन्झाइममुळे दुधाचे पदार्थ थोड्या वेळाने कडवट लागतात. पाहुणे आले की लावा.

चकलीचा_सोऱ्या
कोणी आईस्क्रीमची स्पॅगेटी सांगितली नाही अजून! जर्मनीत ही अगदी घराघरांत माहीत असलेली गोष्ट आहे, १९६९ मध्ये मानहाइम शहरात दारियो फोंटानेला यांनी सुरू केली. व्हॅनिला आईस्क्रीम नूडल्स पाडायच्या साच्यातून दाबून काढलं, टोमॅटो सॉस म्हणून स्ट्रॉबेरी सॉस आणि चीज म्हणून किसलेलं पांढरं चॉकलेट. आपल्याकडे तर सोऱ्या घरातच असतो! शेवेची मध्यम भोकांची ताटली लावा, पितळी सोऱ्या असेल तर उत्तम, तो गार झाला की गार राहतो. सोऱ्या, ताटली आणि वाढायच्या वाट्या सगळं दोन-तीन तास फ्रीजरमध्ये, आईस्क्रीम मात्र सोऱ्यातून जाईल इतपतच सैल होऊ द्या आणि एकेक वाटी पाडून लगेच परत फ्रीजरला. आदल्या रात्री सगळ्या वाट्या पाडून ठेवल्यात तर दुसऱ्या दिवशी फक्त सॉस आणि चॉकलेट. हाताला सोऱ्या चिकटतो म्हणून सुती रुमाल गुंडाळा. मुलांसमोर एखादी वाटी मुद्दाम पाडून दाखवा, हा भाग त्यांना खाण्याइतकाच आवडतो.

कळव्याचे_आजोबा
आज्जी-आजोबा येणार आहेत म्हणून सुचवतो. त्यांच्यासाठी एक साग्रसंगीत ताट मांडा. वर मीठ म्हणून साखर, त्याच्या डावीकडे लिंबाच्या जागी मोसंबी, मग चटणी, कोशिंबीर आणि लोणचं, उजवीकडे भाजी, मध्ये भाताची मूद. आमच्या पिढीचं लक्ष आधी ताटाच्या मांडणीकडे जातं, मांडणी बरोबर असली की कोणाला शंकाच येणार नाही. लोणचं म्हणून साखरांब्याच्या फोडी वाढा, वरून थोडा गुलकंद, काही वेगळं करावंच लागत नाही. मूद खोबरं, मिल्क पावडर आणि थोडं कंडेन्स्ड मिल्क यांची वाटीत दाबून पाडता येते, वर आमरसाचं वरण आणि मधाची धार, ते तूप. केळीचं पान मिळालं तर ताटाऐवजी तेच घ्या. ज्यांना मधुमेह आहे त्यांना मात्र आधी कानात सांगा, वरण-भात समजून कोणी भराभर जेवायला नको.

घोडबंदरची_आई
बापरे, किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी! लेकीला वाचून दाखवलं, शहाळ्याचा कांदा ऐकून नाचतेय. वडापाव, मिसळ, ढोकळा आणि सोऱ्याची स्पॅगेटी नक्की, आणि आजोबा, ताट माझ्या सासऱ्यांसाठी करणारच, त्यांना मांडणी चुकलेली अजिबात चालत नाही! ॲलर्जीचं काय करू तेवढं सांगा ना कोणी.

पामबीच_किचन
त्या मुलाच्या आईला आजच फोन करा आणि काजू-पिस्ते चालतात का ते स्पष्ट विचारा. शेंगदाणा ही शेंग आहे, काजू-पिस्ता वेगळे, पण काही मुलांना दोन्हींचा त्रास असतो. नको म्हणाल्या तर मिरची सगळ्यांसाठीच मिल्क पावडरची करा आणि सारणातल्या पिस्त्याऐवजी हिरवी टुटीफ्रुटी, त्याची प्लेट वेगळी काढायची वेळ येऊ देऊ नका. सुटा सुकामेवा पण मग टाळा, दुकानात एकाच मापाने शेंगदाणे आणि काजू भरतात. बिस्किट, चॉकलेट आणि आईस्क्रीमच्या पाकिटावर ॲलर्जीची ओळ वाचून घ्या, बुंदी-सुतरफेणीला पाकीट नसतं तिथे दुकानात विचारा. खोट्या खाण्यात हेच सांभाळायचं असतं, मूल जे बघून ओळखतं ते आत नसतं, म्हणून प्रत्येक पदार्थासमोर आत काय आहे त्याची चिठ्ठी ठेवा, मुलांनी ओळखून झाल्यावर उलटायची.
आणि अगदी छोटी भावंडं येत असतील तर त्यांना आधी सांगून टाका. चार वर्षांच्या मुलाला आईस्क्रीम हवं असतं आणि समोर नूडल्स दिसल्या की ते रडायला लागतं. खरं तिखट पण थोडं ठेवा, साधी भेळ किंवा काकडीचं सँडविच, इतकं गोड खाल्ल्यावर सगळे तेच शोधतात. भेळेत शेंगदाणे नकोत एवढं बघा.