नऊ नर्तकी, एक देह

वर एकांनी लिहिलंय की बेढाया केतावांग या इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या दरबारी नृत्यातल्या नऊही जणी सारख्याच दिसतात, त्यामुळे कोण कोणती भूमिका करतेय ते कळत नाही. मला वाटतं, खरी गोम तिथेच आहे. त्या नऊ पात्रं नाहीतच; नऊ मिळून एकच माणूस आहे. प्रत्येकीच्या जागेला नाव आहे: 'बाताक' म्हणजे डोकं, 'गुलू' म्हणजे मान, 'ढाढा' म्हणजे छाती. 'एंढेल' ही वासना, मनाची ओढ. बाताक आणि एंढेल कधी जवळ येतात, कधी दुरावतात. तो बुद्धी आणि वासना यांचा झगडा. शेवटी तीन-तीनच्या तीन ओळी होतात आणि सगळं स्थिरावतं. नऊ म्हणजे देहाची नऊ द्वारं, असाही अर्थ जावामध्ये लावतात. नवद्वारांचं शरीर आपल्याला काही नवं नाही.

समुद्राच्या राणीची, रातू किदुलची कथा यात आहेच. जावामधल्या सुराकार्ताच्या राजवाड्यात सुनानच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या, राज्यारोहणाच्या वाढदिवशी हे नृत्य होतं, सगळ्या जणी नववधूच्या वेशात असतात आणि राणी स्वतः अदृश्यपणे दहावी होऊन नाचते, अशी श्रद्धा आहे. तालमीही दर ३५ दिवसांनी, मंगळवार आणि क्लिवोन (जावाच्या पाच दिवसांच्या आठवड्यातला एक वार) एकत्र येतील त्याच दिवशी.

पुन्हा बघाल तेव्हा पायांकडे बघा. मागे लोळणारा वस्त्राचा घोळ पावलाच्या हलक्या झटक्याने बाजूला सारतात, तेव्हा खांदासुद्धा हलत नाही. ती संथ लय मला तरी कधीच कंटाळवाणी वाटली नाही.