संभाव्यताच सांगता येत नसेल तर धोक्याचा निर्णय कसा लिहायचा?

त्रिज्या
नव्या रसायनाला परवानगी देताना धोक्याच्या तक्त्यात संभाव्यता १ ते ५ आणि परिणाम १ ते ५ असे गुण देऊन गुणाकार करतात. पण ४० वर्षांनंतरचं कुणालाच माहीत नसताना तिथे '२' लिहायचं कशाच्या जोरावर? आणि पुराव्यासाठी थांबलो तर उशीर होणार नाही का?

अक्षांश
तो '२' लिहूच नका. 'माहीत नाही' असं लिहायला तक्त्यात जागा हवी. शिवाय १×५ आणि ५×१ दोन्ही ५च! रोजची किरकोळ गळती आणि क्वचित होणारा स्फोट एकाच रंगाच्या चौकटीत जाऊन बसतात.

माहिती अपुरी असेल तर मागे घेता येईल असंच पाऊल टाका: मुदतीची परवानगी, मर्यादित वापर. 'किती धोका चालेल' यावरच वाद असेल, तर आणखी प्रयोग करून तो मिटत नाही. ज्यांच्या वाट्याला धोका येणार, त्यांना चर्चेत बसवावंच लागतं.

भरती
ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेला माँट्रियल करार बघा. सप्टेंबर १९८७ मध्ये सह्या झाल्या तेव्हा अंटार्क्टिकावरच्या ओझोन छिद्राच्या कारणावर शास्त्रज्ञांचं एकमत नव्हतं. ओझोनला मारक असलेल्या सीएफसी वायूंची कपातही निम्मीच ठरली. पण १९९० पासून किमान दर चार वर्षांनी आढावा घ्यायचा, हे कलम ६ मध्येच होतं. आणि एकमत झालं नाही तर दोन तृतीयांश मतांनी कपात वाढवायची सोय होती. ती सगळ्यांवर बंधनकारक, देशोदेशी वेगळी मंजुरी नको. म्हणून १९९० ला लंडनमध्ये २००० पर्यंत पूर्ण बंदी ठरली, १९९२ ला कोपनहेगनमध्ये विकसित देशांसाठी ती १९९६ वर आली. नवा पदार्थ यादीत घालायला मात्र प्रत्येक देशाची मंजुरी लागते. म्हणून पहिली यादी करताना हात आखडता घेऊ नये.

पाणरेषा
आढाव्याची तारीख पुरत नाही, इशाऱ्याची पातळीही हवी, आणि ती उलट मोजत यायची. १९५३ च्या पुरानंतर लंडनचा टेम्स बॅरियर, म्हणजे टेम्स नदीतला पूर रोखणारा बांध, कामाला लागायला १९८२ उजाडलं. समजा बांधायला ३० वर्षं लागतात आणि समुद्र वर्षाला ८ मिमी चढतोय, तर घंटा धोक्याच्या रेषेच्या २४ सेंमी आधीच वाजली पाहिजे. लोक रेषेवरच खूण करतात, तिथेच फसतं.

त्रिज्या
आणि ठरल्या तारखेला आढावा झालाच नाही तर?

अक्षांश
'आढावा न झाल्यास परवानगी त्या दिवशी संपेल' असं परवानगीतच लिहा. नाहीतर ती मुकाट्याने पुढे चालू राहते, आणि मग चालढकलीत ज्याचा फायदा त्याच्याच हातात वेळापत्रक जातं. मोजणीही विकणाऱ्याकडे ठेवू नका. त्याच्याकडून पैसे घ्या, नमुने दुसऱ्याने गोळा करावेत.