मदत हवी आहे: मुलाला अजिबात धीर नाही, पेढ्याची परीक्षा नापास

वैतागलेली_साताराकर
कुणीतरी लवकर सांगा, सोमवारी शाळेत भेटायला बोलावलंय. मोबाईलवर ती मार्शमॅलोची, म्हणजे परदेशी मऊ गोड मिठाईची, परीक्षा बघितली. आपल्याकडे मार्शमॅलो कुठला, म्हणून लेकासमोर कंदी पेढा ठेवला. सांगितलं, पंधरा मिनिटं थांबलास तर दोन देईन. ओट्याकडे वळून गॅस बारीक केला तोवर पेढा गायब! शेजारची मुलगी मात्र पूर्ण पंधरा मिनिटं हाताची घडी घालून बसली. शाळेतही घसरगुंडीच्या रांगेत हा ढकलाढकली करतो. संयम वाढवायचा क्लास, औषध, काहीही चालेल. 'गूगल करा' म्हणू नका, केलंय.

चारभिंती
वय?

निवांत_वाईकर
साखर बंद करा. आमच्याकडे नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी ताटाला हात लावायचं नाही. आमची मुलं तशीच शिकली, प्रयोग-बियोग काही केले नाहीत.

खवय्या_११
पेढा कुठल्या दुकानातला? राजवाड्याजवळचा की पोवई नाक्याचा? चांगला खरपूस असेल तर मीही थांबणार नाही.

चारभिंती
ताई, वय??

वैतागलेली_साताराकर
तीन वर्षं आठ महिने. शेजारची पहिलीत आहे. त्याने काय फरक पडतो?

चारभिंती
अहो, सगळाच फरक पडतो! पावणेचार आणि सहा यांची तुलना कशी करता? या वयात रांगेत ढकलाढकली होणारच. औषध कसलं मागताय?

कृष्णामाई
मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून थोडं लांबण लावते. तो प्रयोग वॉल्टर मिशेल यांचा, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतला, १९६०च्या दशकाच्या शेवटी सुरू झालेला. पुढे त्यांनी तीच मुलं मोठी झाल्यावर पाहिली. थांबलेल्यांना परीक्षेत गुण जास्त होते आणि त्यावरून जगभर बोभाटा झाला. पण ती मुलं बरीचशी विद्यापीठाच्याच वर्तुळातल्या घरांतली. २०१८ साली टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी ९०० हून अधिक मुलांची माहिती तपासली. घरची परिस्थिती, आईचं शिक्षण, लहानपणीची समज हे सगळं हिशेबात धरल्यावर थांबण्याचा आणि पंधराव्या वर्षीच्या गुणांचा संबंध जवळपास विरून गेला. त्यामुळे एका पेढ्यावरून पोराचं भविष्य बघू नका.

माजी_छात्र
हे सगळं परदेशी. शिस्त म्हणजे शिस्त. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ची, देशातली पहिली. सहावीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी चौथीपासूनच करून घ्या. गणित पक्कं पाहिजे.

चारभिंती
दादा, पोरगं अजून चार वर्षांचं नाही.

माजी_छात्र
म्हणूनच सांगतोय, वेळ आहे.

कृष्णामाई
मूळ मुद्द्यावर येते. ताई, एक विचारू? 'नंतर देते' म्हणून न दिल्याचं कधी झालंय का? राग मानू नका. अमेरिकेत रॉचेस्टरला २८ मुलांवर प्रयोग झाला होता, २०१३ला छापून आला. आधी मुलांना चांगले रंग आणून देतो म्हणून सांगितलं. निम्म्यांना आणून दिले, निम्म्यांकडे माणूस हात हलवत परत आला. मग मिठाई ठेवली. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, बाकीची तीनच. दुसरं मिळणारच नाही असं वाटत असेल तर हातातलं खाऊन टाकणं हेच शहाणपण, नाही का?

निवांत_वाईकर
म्हणजे चूक आईचीच! हे बरं आहे.

कृष्णामाई
चूक कुणाची म्हटली मी? विचारलं फक्त.

वैतागलेली_साताराकर
मागच्या महिन्यात डबा फडताळात वर ठेवून 'उद्या' म्हटलं होतं. संध्याकाळी पाहुणे आले, संपला. अजिंक्यताऱ्यावर नेते म्हणून तीन रविवार राहिले, पाऊस होता. पण हे तर सगळ्यांच्याच घरी होतं ना.

चारभिंती
होतं. फक्त सगळ्यांची पोरं पेढाही लगेच खातात. पंधरा मिनिटं सोडा, दोन मिनिटांपासून सुरू करा. आणि पेढ्यावर वाटी पालथी घाला.

निवांत_वाईकर
झाकलं तर कसला संयम? ती तर लबाडी.

कृष्णामाई
मिशेल यांच्याकडेही मिठाई समोर दिसत नसली की मुलं जास्त वेळ थांबायची. काही आपणच डोळे झाकायची, गाणी म्हणायची. मोठ्यांचं तरी काय वेगळं? डाएटवर असताना फरसाणाचा डबा आपणही मागे सरकवतोच.

खवय्या_११
फरसाण नाही, भडंग. सांगलीकडचं असेल तर डबा मागे सरकवूनही उपयोग नाही.

वैतागलेली_साताराकर
आज केलं. दोन मिनिटं, वर वाटी. 'ये रे ये रे पावसा' दोनदा म्हणाला. मधे वाटी उचलून पेढा आहे ना बघितलं, परत झाकली. थांबला! दुसरा द्यायला डबा उघडला तर रिकामा. सासरे म्हणाले, एकच तर उरला होता. नवऱ्याला तस्संच गाडी काढून राजवाड्यावर पिटाळलं. लेक दारातच बसून आहे, वाटीतल्या पेढ्याला हात लावलेला नाही.

खवय्या_११
दुकान कुठलं ते विचारलं होतं. अजून उत्तर नाही.