ॲम्ब्युलन्सवर बसून कसलं करिअर, म्हणणाऱ्यांना उत्तर

खंडाळकर:
काल इथं ‘वाईचे मामा’ यांनी लिहिलं, "भाच्याला बारावीला चांगले मार्क आहेत, पण इमर्जन्सी मेडिसिनचं बीएस्सी करायचं म्हणतोय. शेवटी ॲम्ब्युलन्सवरच बसणार ना? आणि अपघात होऊ नयेत म्हणून शिकायचं काय असतं, ते पोलिसांचं काम." खाली बऱ्याच जणांनी ‘बरोबर’ म्हणून टाकलंय. ते वाचून डोकं फिरलं, म्हणून लिहितोय.

सातारा-पुणे हायवेवर खंबाटकीचा बोगदा ओलांडून आमच्या साताऱ्यातल्या खंडाळ्याकडं उतरताना एस वळण लागतं. १० एप्रिल २०१८ ला पहाटे तिथं मजुरांचा टेम्पो उलटला आणि १८ माणसं गेली. तिथं दहा ॲम्ब्युलन्स उभ्या ठेवल्या असत्या तरी मेलेली माणसं परत आली नसती. उतार किती, वेग किती, कठडा कुठं हवा, मालाच्या गाडीत माणसं का बसतात, हे कुणीतरी नोंदवून मागं लागावं लागतं. जखमीला उचलणाऱ्या माणसालाच माहीत असतं, कुठल्या वळणावर कुणाचं काय मोडतं. म्हणून उचलणं आणि टाळणं हा एकच पेशा आहे, आणि हुशार पोरं त्यात यायलाच हवीत.

वैद्य_मिरज:
भावना कळली. मी १०८ च्या सरकारी ॲम्ब्युलन्सवर काम केलंय, म्हणून मामांच्या बाजूनं बोलतो. २०१४ ला सेवा सुरू झाली तेव्हा राज्यात ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ ॲडव्हान्स, म्हणजे व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या. आपल्याकडं गाडीवर डॉक्टर असतो, बहुतेक माझ्यासारखा बीएएमएस. मग बीएस्सी झालेल्या पोरानं बसायचं कुठं? २०२१ च्या कायद्यानं पॅरामेडिकला, म्हणजे असं शिकून गाडीवर उपचार करणाऱ्याला, मान्यता दिली, पण मान्यतेनं पगार होत नाही. कॅज्युअल्टीत, म्हणजे दवाखान्याच्या तातडीच्या विभागात, बारा तास उभं राहून हातात काय पडतं ते एकदा विचारा. मिरजेत वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ ला दवाखाना काढला, तेव्हापासून कर्नाटकातनं लोक इथं येतात. दवाखाने वाढले, पण दारात पोचेपर्यंत पेशंट सांभाळणाऱ्याला अजून किंमत नाही. पोराला खोटी आशा लावू नका.

कृष्णाकाठ:
वळणाचं राहू द्या हो. साखर कारखाने सुरू झाले की आमच्या रस्त्यांवर काय चालतं ते बोला. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, पुढं टेप फुल्ल. आष्ट्याजवळ माझा चुलतभाऊ रात्री मोटरसायकलवरनं उभ्या ट्रॉलीवर गेला. उसाची टोकं बाहेर आलेली, ती थेट छातीत. लोक गोळा झाले, पण पोलीस नाव विचारतील म्हणून कुणी हात लावेना. मदत करणाऱ्याला त्रास द्यायचा नाही असं सुप्रीम कोर्टानं २०१६ ला सांगितलंय, २०१९ ला कायद्यात आलंय. गावात कुणाला पत्ताच नाही.

ट्रॉलीवाला_पलूस:
दरवेळी ट्रॅक्टरवाल्यालाच धरायचं. रिफ्लेक्टर आम्ही लावतो, उसाच्या फडातनं दोनदा बाहेर निघालं की चिखलानं भरून जातो. ॲक्सल तुटला तर गाडी कुठं घ्यायची? साइडपट्टी आहे का रस्त्याला? कारखान्यात ऊस टाकायच्या गव्हाणीला नंबर लागेपर्यंत ड्रायव्हर रात्रभर जागा असतो. ट्रॅक्टरचा हप्ता, तोडणीच्या टोळीला आगाऊ दिलेली उचल बुडालेली. मोटरसायकलवाले हेल्मेट घालतात का, ते आधी सांगा.

कृष्णाकाठ:
माझा भाऊ गेलाय आणि तुम्ही हेल्मेट विचारताय? चिखल पुसायला फडकं लागतं, लाख रुपये नाही. गाडी बंद पडली की मागं दगड लावता आणि दुरुस्त झाली की दगड रस्त्यातच टाकून जाता. त्या दगडांवर किती जण पडलेत?

ट्रॉलीवाला_पलूस:
दगडाचं खरंय. ते चुकीचंच. पण बाकीचं सगळं आमच्या माथी मारू नका.

कॅज्युअल्टीतली_ताई:
दोघंही भांडताय, त्यात रात्री आमच्याकडं काय येतं ते सांगते. वैरण कापायच्या कडबाकुट्टी मशीनमध्ये हात गेलेल्या बायका येतात. एका बाईचा नवरा दोन बोटं स्टीलच्या डब्यात थेट बर्फावर ठेवून घेऊन आला होता. माणूस धावत आला, डबा छातीशी धरलेला. बोटं पांढरीफटक, कडक. जोडता आली नाहीत. तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची, एवढं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्याच्याही आधी, वैरण सरकवायचं तोंड लांब आणि वरनं झाकलेलं असतं तर हात पात्यापर्यंत गेलाच नसता. घोणस चावली की पायाला सुतळी करकचून आवळून आणतात, पाय काळानिळा. गावोगावी हे शिकवणारा माणूस पगारी नको का? आम्ही रात्रपाळी करून कधी जाणार?

वाईचे मामा:
कुट्टीचं पटलं, माझ्या घरी पण तसलंच मशीन आहे, उद्या झाकण बसवून घेतो. पण ताई, वैद्यांनी विचारलेल्याचं उत्तर कुणीच दिलं नाही. पोटाचं काय? बहिणीनं कर्ज काढून शिकवायचं आणि पोरानं समाजसेवा करायची?

खंडाळकर:
मामा, पगार कमी आहे हे मी नाकारत नाही, त्याची चीड मलाही आहे. पण जागा फक्त १०८ वरच असते असं नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यापासून ५०० च्या वर कामगार असले की ॲम्ब्युलन्स रूम, म्हणजे जखमीवर लगेच उपचार करायची खोली, ठेवावीच लागते. आपल्या पट्ट्यात असे कारखाने, एमआयडीसी किती आहेत ते तुम्हीच बघा. तिथं शिकलेला माणूस बसला, तर हंगामाआधी ड्रायव्हरांना गोळा करून लाइट, रिफ्लेक्टर, दगड हे सगळं तोच करून घेईल. ही पदं भरा म्हणून ओरडायचं सोडून आपण पोरालाच मागं खेचतोय.

वैद्य_मिरज:
कागदावर रूम असते आणि आत जुना स्ट्रेचर असतो, हे पाहिलंय मी. तरी पदांची मागणी बरोबर आहे. निवेदन काढणार असाल तर माझी सही घ्या.

ट्रॉलीवाला_पलूस:
निवेदनात साइडपट्टी पण घाला. मग मी पण सही करतो.

वाईचे मामा:
भाच्याला एक रात्र कॅज्युअल्टीत बसवता येईल का, ताई? ते बघूनही तो हेच म्हणाला, तर मग बहिणीशी बोलतो. शब्द देत नाही.